आइस हॉकीत ६६ नंबर दुसऱ्या कोणी घातला तर फॅन्स एवढे का चिडतात?

कारण ६६ म्हटलं की पिट्सबर्ग टीमचा दिग्गज खेळाडू मारियो लेम्यू, बास. दुसरा दिग्गज वेन ग्रेट्झकीचा ९९ एनएचएलने (अमेरिका-कॅनडातली मोठी आइस हॉकी लीग) २००० साली सगळ्याच टीमसाठी रिटायर केला, म्हणजे तो नंबर पुन्हा कोणाला मिळत नाही, पण ६६ फक्त पिट्सबर्गने केलाय, म्हणजे बाकी टीममध्ये नियमाने कोणीही घालू शकतो. २०१७ मध्ये जॉश हो-सँग या खेळाडूने न्यूयॉर्क आयलंडर्स टीमकडून घातला तर केवढी बोंबाबोंब झाली, आणि गंमत म्हणजे त्याने तो लेम्यूच्या आदरापोटीच घेतला होता! मला विचाराल तर यात अपमान कसला, स्वतः ग्रेट्झकीला त्याच्या आधीचा दिग्गज गॉर्डी हाऊचा ९ हवा होता, तो आधीच दुसऱ्याकडे होता म्हणून ९९ आला ना. चेक खेळाडू यारोमिर याग्रचा ६८ मात्र वेगळाच, तो १९६८ च्या प्राग स्प्रिंगची (चेकोस्लोव्हाकियातली मोकळिकीची चळवळ, जी सोव्हिएत फौजांनी चिरडली) आठवण म्हणून, तिथे मी पण हळवा होतो.