दुबईची ऑफर आणि मुलीचं शैक्षणिक कर्ज

प्रश्न: माझी मुलगी गणिताची शिक्षिका आहे. तिच्या शैक्षणिक कर्जाचे पाच वर्षांचे हप्ते अजून बाकी आहेत, व्याज १० टक्के. सहकर्जदार म्हणून माझी सही आहे. दुबईतल्या एका खासगी शाळेकडून तिला दोन वर्षांच्या कराराची ऑफर आली आहे. 'दोन वर्षांत कर्ज फेडून मोकळी होते' असं ती म्हणते. मला वाटतं, इथंच राहून हळूहळू फेडलं तर बिघडलं कुठं? पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. तिला पाठवावं का? (पत्र संक्षिप्त केलं आहे.)

उत्तर: नमस्कार. तुमच्या मूळ पत्रात पगाराचा आकडा दोनदा आला आहे, एकदा तर अधोरेखित करून. करारात काय लिहिलंय, याबद्दल मात्र एक ओळही नाही. कर्ज फिटणार की नाही, ते त्या न लिहिलेल्या भागावर ठरणार आहे.

आधी 'हळूहळू'चा हिशेब करू. १० टक्के दराने पाच वर्षांत फेडलं, तर बाकी असलेल्या दर लाखामागे साधारण साडेसत्तावीस हजार व्याज जातं. तेच दोन वर्षांत संपवलं, तर पावणेअकरा हजारांच्या आसपास. म्हणजे व्याज निम्म्याहूनही कमी होतं. त्यासाठी महिन्याचा हप्ता मात्र आजच्या दुपटीहून थोडा जास्त भरावा लागेल. दुबईच्या पगारातून सगळा खर्च वजा जाऊन एवढी रक्कम महिन्याला उरते का, एवढाच खरा प्रश्न आहे. उरत असेल तर तुमच्या मुलीचं म्हणणं रास्त आहे. उरत नसेल तर ती घरापासून लांब राहून त्याच वेगाने कर्ज फेडेल, आणि त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

किती उरतं, हे सगळ्यात जास्त घरावर अवलंबून असतं. शाळा राहायला जागा देणार आहे की घरभाडे भत्ता? कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण दुबईत भाडं बहुतेक वेळा वर्षाचं ठरतं आणि ते एक, दोन किंवा चार पुढच्या तारखांच्या चेकनी आगाऊ द्यावं लागतं. भत्ता दर महिन्याला येणार आणि भाडं तीन-तीन, सहा-सहा महिन्यांचं एकदम जाणार. त्यावर अनामत आणि दलाली वेगळीच. पहिल्याच महिन्यात एवढी रोकड आणायची कुठून? मग तिथल्या बँकेतून पगारावर वैयक्तिक कर्ज काढलं जातं, आणि एक कर्ज फेडायला गेलेली मुलगी दोन कर्जांची धनी होते. शाळेची जागा मिळत असेल तर थोडा कमी पगारही चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे. भत्ताच असेल तर पहिल्या सहा महिन्यांचा भत्ता एकरकमी आगाऊ द्याल का, असं तिने शाळेला लेखी विचारावं. काही शाळा देतात. विचारायला संकोच कसला?

दुसरी गोष्ट 'बेसिक'ची. संयुक्त अरब अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार परदेशी कर्मचाऱ्याला किमान एक वर्षाची सेवा झाल्यावर नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा पगार, पण तो मोजला जातो फक्त मूळ वेतनावर. समजा एकूण पगार १०,००० दिरहम आहे. त्यात बेसिक ६,००० असेल तर दोन वर्षांनी ८,४०० दिरहम हातात येतील. तोच पगार बेसिक ४,००० दाखवून भत्त्यांमध्ये वाटला असेल तर ५,६००. दर महिन्याला खात्यात तेवढीच रक्कम पडते, त्यामुळे हा फरक सहीच्या वेळी कुणाच्या लक्षातही येत नाही. ही रक्कम थेट कर्जाच्या मुद्दलात जाईल, असं आजच ठरवून टाका. घरी परतताना सोनं, भेटवस्तू, फर्निचर असे शंभर वाटेकरी तिला शोधत येतात.

करारात आणखी एक जागा बोट ठेवून वाचा: पगार बारा महिन्यांचा आहे की दहा? उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद असते, बँकेचा हप्ता बंद नसतो.

तिथे पगारावर वैयक्तिक आयकर नाही, ही गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. पण मायदेशी तिची करनिवासी म्हणून काय स्थिती राहते, ते जाण्याच्या तारखेवर आणि तिकडे काढलेल्या दिवसांवर ठरतं. सनदी लेखापालाकडे एक फेरी मारा, ती फी वसूल होईल. चलनाच्या बाबतीत मात्र तुम्हाला फारशी काळजी नको. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे तो डॉलरबरोबरच वरखाली होतो. जपानला गेलेल्यांचे हाल यापेक्षा वाईट झाले. २०२१ मध्ये एका डॉलरला ११०च्या आसपास येन पडत होते, जुलै २०२४ मध्ये १६०हून जास्त. येनमध्ये पगार आणि डॉलरमध्ये कर्ज असलेल्या शिक्षकाच्या हातून काहीही चूक न होता त्याची फेडण्याची ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने घटली.

आता तुमच्या सहीबद्दल, कारण पत्रातली खरी धास्ती तीच आहे. मुलीचा हप्ता चुकला तर बँक तुमच्याकडे येणार, आणि पुढच्या वर्षी तुमची नियमित मिळकत बदलणार. म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी हप्ता ज्या खात्यातून कापला जातो त्यात निदान सहा हप्त्यांची रक्कम असायला हवी. नसेल तर तिने आणखी काही महिने इथे नोकरी करून ती जमवावी आणि शाळेकडे पुढच्या सत्राची तारीख मागावी. पहिला पगार हातात पडेपर्यंत महिना-दीड महिना सहज जातो. कधी निवासाचा परवाना आणि बँक खातं व्हायला वेळ लागतो, कधी पदवीच्या साक्षांकनाचा कागद कुठल्यातरी टेबलावर अडकतो. अमिरातींनी ॲपोस्टिलचा, म्हणजे एकाच शिक्क्यावर परदेशी कागदपत्रं मान्य करण्याचा, आंतरराष्ट्रीय करार स्वीकारलेला नसल्यामुळे तिथे दूतावासाच्या शिक्क्यापर्यंतची सगळी साखळी पूर्ण करावी लागते. ते काम आत्ताच सुरू करा.

त्या सहा हप्त्यांचा दुसरा उपयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शाळा वाईट निघाली, तासांचं ओझं ठरल्यापेक्षा दुप्पट निघालं, मुख्याध्यापक रोज पाणउतारा करू लागले, तर तिला नोकरी सोडून येता आलं पाहिजे. कर्ज डोक्यावर असलेला शिक्षक बहुतेक वेळा 'हप्त्याचं काय?' म्हणून गप्प बसतो, आणि हे शाळांनाही पक्कं ठाऊक असतं. तिथल्या कायद्यानुसार परिविक्षा कालावधी (प्रोबेशन) सहा महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि त्या काळात देश सोडून परतायचं असेल तर १४ दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. भरतीचा खर्च कर्मचाऱ्याकडून वसूल करायलाही कायद्याने मनाई आहे. म्हणजे 'व्हिसाचे पैसे भरा' म्हणणारा एजंट भेटला तर तिथूनच मागे फिरा. मध्येच सोडल्यास काय काय परत द्यावं लागेल, हे कलमही करारात शोधा. तसंच दुबईच्या खासगी शाळांची तपासणी केएचडीए हे सरकारी प्राधिकरण करतं आणि त्याचे अहवाल कुणालाही वाचता येतात. तिच्या शाळेचा अहवाल वाचा आणि आधीचे गणिताचे शिक्षक किती टिकले, हे मुलाखतीत सरळ विचारायला सांगा.

हप्त्याच्या वर जी रक्कम ती पाठवेल, ती मुद्दलात वळती करावी आणि हप्ता कमी न करता मुदत कमी करावी, असं बँकेला लेखी कळवा. सांगितलं नाही तर पुष्कळदा ती पुढच्या हप्त्यांपोटी जमा धरली जाते आणि व्याज हवं तेवढं उतरत नाही. आणि हे पैसे पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी गेले पाहिजेत. महिनाअखेरीस 'उरले तर' पाठवणाऱ्यांचे सहसा उरत नाहीत.

तुमचं कर्ज बँकेचं आहे. पण परदेशात वाढलेल्या मुलांचे पालकही मला हाच प्रश्न विचारतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. सरकारी विद्यार्थी कर्ज देश सोडल्यावर मागे राहत नाही. ब्रिटनमध्ये तीन महिन्यांहून जास्त काळ बाहेर जाताना कर्ज कंपनीला कळवावं लागतं, आणि मिळकत कळवली नाही तर ती ठरावीक हप्ता लावून मोकळी होते. ऑस्ट्रेलियात परदेशातली मिळकतही धरली जाते. न्यूझीलंडमध्ये देशात राहणाऱ्याला व्याज नाही, पण सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की सहसा ते सुरू होतं. अमेरिकेत सार्वजनिक सेवेसाठी १२० हप्त्यांनंतर मिळणाऱ्या कर्जमाफीत परदेशी खासगी शाळेतली वर्षं धरली जात नाहीत. मुलगा 'दोन वर्षं शिकवून येतो' म्हणाला, तर ती दोन वर्षं माफीच्या हिशेबातून गेली असं समजा.

तर पाठवावं का? शाळेची जागा किंवा आगाऊ भत्ता मिळत असेल, सहा हप्ते खात्यात असतील आणि खर्च जाता दुप्पट हप्ता निघत असेल, तर जरूर पाठवा. यात तिच्या करिअरचंही भलं आहे. ब्रिटिश किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अभ्यासक्रमाचा दोन वर्षांचा अनुभव पुढे उपयोगी पडतो, मात्र त्यासाठी वरचे वर्ग मागून घ्यावेत. बदली शिक्षक म्हणून दिसेल तो तास घेत राहिली तर पैसे येतील, अनुभवपत्रात सांगण्यासारखं काही येणार नाही. सध्याच्या शाळेत बिनपगारी रजा मिळते का तेही विचारा. राजीनामा शेवटचा पर्याय ठेवा.

यातली एखादी अट बसत नसेल तर ऑफर नाकारू नका, वाटाघाट करा. गणिताच्या चांगल्या शिक्षकांची वानवा सगळीकडेच आहे, त्यामुळे तिचा हात तुम्हाला वाटतो तेवढा दगडाखाली नाही. हे उत्तर तिलाही वाचायला द्या. ऑफर लेटरमधला बेसिकचा आकडा, घराचं कलम आणि नोकरी सोडण्याचं कलम एवढं मला कळवा. पगार कळला आहे.