एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना बघायची चाचणी) करूनही पावडर मॅग्नेटाइट आहे की मॅगहेमाइट (दोन्ही लोखंडाची ऑक्साइडं) ते कळत नाही, काय करू?

एक्सआरडीत दोघांचे पीक जवळपास एकाच जागी येतात, त्यात नॅनो पावडर म्हणजे पीक पसरट, उगाच डोकेफोड. सरळ मॉसबॉअर करा, म्हणजे गॅमा किरणांनी लोखंडाची तपासणी. कोबाल्ट-५७ चे १४.४ केईव्हीचे गॅमा किरण सॅम्पलमधल्या लोखंडावर सोडतात, मॅग्नेटिक असेल तर सहा रेषा दिसतात, मॅग्नेटाइटला रूम टेम्परेचरला असे दोन सेट येतात, साधारण ४९ आणि ४६ टेस्लाचे (टेस्ला म्हणजे चुंबकीय क्षेत्राचं एकक), मॅगहेमाइटला बघायला गेलं तर एकच, ५० च्या आसपास. कण फारच बारीक असले तर सहाच्या जागी मधे दोनच रेषा उरतात, तेव्हा सॅम्पल नॉन-मॅग्नेटिक म्हणून फेकू नका, थंड करून परत मोजमाप घ्या. मुंबईत ट्रॉम्बेला युजीसी-डीएई (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग) यांचं संशोधन सेंटर आहे पण तिथे ध्रुव रिअ‍ॅक्टरवरचं न्यूट्रॉनचं काम, त्याला पावडरही ग्रॅममधे लागते, मॉसबॉअरसाठी त्यांच्याच इंदूर सेंटरला विचारा, अर्जावर गाइडची सही घेऊन ठेवा आधी.