पणजोबा पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला' (आजच्या इराकमध्ये) गेले ते परतलेच नाहीत. मृत्यू कसा झाला ते शोधता येईल का?

येईल, पण सुरुवात घरातूनच करा. माळ्यावर किंवा देवघरात पितळेसारखा जड, तळहाताएवढा गोल बिल्ला आहे का बघा. युद्धात मेलेल्या सैनिकाच्या घरी तो आठवण म्हणून पाठवत. सिंह आणि ब्रिटानियाचं (ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं) चित्र असतं, नाव उठावात असतं. पण हुद्दा, पलटण काहीच नसतं. पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा. नंबर आणि पलटण तिथे कोरलेली असते. तो नंबर म्हणजे अर्धं काम.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर फुकट शोधा. आडनावावर अडून बसू नका, साहेबाच्या कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलंय. वडिलांचं नाव, गाव, जिल्हा यावरून माणूस पटवा. बसरा स्मारकाच्या भिंतीवर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत, किती जण गेले त्याचे नुसते आकडे आहेत, म्हणून स्मारकाचा फोटो बघून निराश होऊ नका.

नोंदीत बहुधा तारीख मिळेल, कारण नाही. तेव्हा तारीखच बोलकी करायची. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इराकमधल्या कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या ब्रिटिश फौजेने शरणागती पत्करली. पलटण यांपैकी आणि तारीख त्यानंतरची असेल तर तुर्कांच्या कैदेतला मृत्यू असण्याची शक्यता मोठी. हजारो कैदी उपासमार, आजार आणि वाळवंटातल्या पायपिटीने गेले. आधीची असेल तर लंडनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमधली पलटणीची युद्धदैनंदिनी (तिथल्या यादीत डब्ल्यूओ ९५ या क्रमांकाखाली) मागवा. शिपायाचं नाव क्वचितच सापडतं, पण त्या दिवशी पलटण कुठे होती ते कळतं.