हवा मोजल्याशिवाय सरस लावू नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतची छायाचित्रे मी परवापासून तीन वेळा पाहिली. तू बांधलेल्या गिटारच्या ब्रिजपासून, म्हणजे तारा अडकवायच्या पट्टीपासून, खालच्या कडेपर्यंत गेलेली ती भेग पाहून मला तुझ्याइतकेच वाईट वाटले, कारण पहिल्या गिटारचा टॉप, म्हणजे पुढची फळी, रंधून तीन मिलिमीटरवर आणायला किती दिवस लागतात हे मला ठाऊक आहे. तू विचारतेस की लाकूड चुकले का, सरस चुकला का, की हाताने करण्याचा हट्ट सोडून पुढची गिटार संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर कापून घ्यावी. तुझ्या चार पानांत टॉपचे लाकूड, स्प्रूस, कुठून मागवला हे आहे, सरसाचा ब्रँड आहे, शिकंजे किती होते तेही आहे. पण गेल्या जुलैत चिपळूणच्या घरी, पडवीत बसून तू ब्रेस, म्हणजे टॉपला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या, चिकटवलेस त्या दिवशी हवेत आर्द्रता किती होती, तो आकडा कुठेही नाही. तो तू मोजलाच नाहीस. तुझ्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर तिथेच आहे.

लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ बदलत नाही, आडव्या अंगाने मात्र ते ओलीबरोबर फुगते आणि कोरडे पडले की आक्रसते. सुमारे ४० सेंटिमीटर रुंदीचा टॉप कोकणातल्या पावसाळ्यातून तुझ्या नागपूरच्या एप्रिलमध्ये गेला की काही मिलिमीटर आत येऊ पाहतो. ब्रेस त्याच्या तंतूंना आडवे आणि तिरपे बसलेले असतात. ते आपल्या लांबीत आक्रसत नाहीत आणि टॉपलाही आक्रसू देत नाहीत. त्यावर स्टीलच्या तारांचा सत्तर किलोच्या वर ताण. मग टॉप फाटेल नाही तर काय होईल? तुझ्या एका छायाचित्रात फ्रेटची, म्हणजे बोटांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोके फिंगरबोर्डच्या कडेबाहेर आलेली दिसतात. ती नखाला लागत असतील. फ्रेट वाढलेले नाहीत, खालचे लाकूड आत गेले आहे. भेग पडण्याच्या कितीतरी आधी गिटार तुला सांगत होती.

उलट ४५ टक्के आर्द्रतेत चिकटवलेला टॉप पावसाळ्यात थोडा फुगून वर येतो, तारा उंच होतात, वाजवणारा कुरकुर करतो, आणि दिवाळीनंतर तो आपोआप जागेवर बसतो. कोरड्यात बांधलेली गिटार ओल सोसते, ओलीत बांधलेली गिटार कोरड सोसत नाही. म्हणून सांगतो, हवा मोजल्याशिवाय सरस लावू नकोस.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझी पैसे घेऊन केलेली पहिली गिटार एका कॉलेजच्या मुलाची होती. त्याला ती गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात वाजवायची होती आणि मला त्याचा शब्द मोडवत नव्हता. पुण्यात जुलैचा शेवटचा आठवडा होता, खिडकी उघडी होती, बाहेर झड लागली होती, आणि मी ब्रेस चिकटवले. गिटार वेळेवर दिली, वाजलीही सुरेख. मार्चमध्ये तो ती परत घेऊन आला, तेव्हा टॉपवर एक वीत भेग होती. मी त्याला म्हणालो, ‘तू उन्हात ठेवली असशील.’ तो काही बोलला नाही. भेग मी आतून ठिगळे लावून बुजवली, पण ते वाक्य मला परत घेता आले नाही. पुढे त्याने वाजवणे सोडल्याचे कळले. त्याची कारणे दुसरीही असतील, तरी गिटार फाटली ती माझ्या हातून.

त्यानंतर आर्द्रता शोषणारे यंत्र घेईपर्यंत सलग नऊ पावसाळे मी सरसाची बाटली उघडली नाही. जून ते ऑक्टोबर फक्त नेक कोरायचे, ब्रेसच्या पट्ट्या चिरून ठेवायच्या, पटाशांना धार लावायची. गिऱ्हाइके परत गेली, घरात बोलणी बसली, माझ्या भावाने तर याला हेकेखोरपणा म्हटले. तो हेकेखोरपणा असेलही. पण त्या नऊ वर्षांत बांधलेल्या गिटारींपैकी एकही फाटून माझ्याकडे आलेली नाही, आणि त्या नुकसानीचा मला आजही पश्चात्ताप नाही.

लाकडाबद्दल थोडक्यात लिहितो. आंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ मध्ये एका गिटारची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या केल्या, टॉप मात्र स्प्रूसचा ठेवला. ती गिटार बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. तू पाठीसाठी परदेशी लाकडाचे भाव काढत बसली आहेस, आणि ब्राझीलचे शिसव दुर्मिळ झाल्यापासून जगभरचे कारागीर आपले भारतीय शिसव वापरत आले आहेत. बाजूंच्या पट्ट्या शिसवाच्या कर किंवा आणखी कशाच्या. आधी हवा मोज. यंत्राचेही तेच. सीएनसी अचूक कापेल, पण ओले लाकूड अचूक कापले तरी ओलेच राहते.

आता काम सांगतो. डिजिटल आर्द्रतामापक घे, पण त्याच्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नकोस. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखे होईल इतकेच पाणी घाल, झाकण आणि मापक एका घट्ट डब्यात रात्रभर ठेव. सकाळी आकडा ७५ च्या आसपास हवा. जेवढा फरक असेल तेवढा डब्यावर लिहून ठेव आणि प्रत्येक वेळी धरत जा. तुझ्या खोलीत कूलर आहे असे लिहिले आहेस. रात्री त्याने हवा ओली होते आणि दुपारी तू कामावर गेलीस की खोली भाजून निघते, त्यामुळे गिटार बाहेर काढून ठेवू नकोस. केसमध्ये घालून कूलर नसलेल्या खोलीत ठेव.

भेगेत आत्ता काहीही भरू नकोस. तारा सैल कर आणि गिटार माझ्याकडे घेऊन ये; ४५ टक्क्यांच्या खोलीत ती महिनाभर राहील, भेग जेवढी मिटायची तेवढी मिटेल, आणि उरेल तिच्यात आपण स्प्रूसची चिप बसवू. ती चिप तूच तासायची आहेस.

त्याआधी दहा दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री मापकाचा आकडा वहीत उतरव. दुसऱ्या गिटारच्या लाकडाविषयी तू विचारले आहेस, त्याचे उत्तर मी ते तीस आकडे पाहिल्यावर देईन.