जुन्या गाडीचा गंजलेला सायलेंसर घरीच बदलता येतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की २००५ ची मारुती ८०० आहे, रत्नागिरीत राहता, सायलेंसर खालून सडून फाटलाय, गॅरेजवाला म्हणतोय वेल्डिंग मारून देतो, तर तसं करावं की नवीन टाकावा आणि ते घरी जमेल का. जमेल. मी इकडे अलिबागला माझ्या २००४ च्या ८०० ला दोनदा केलंय. फक्त वेल्डिंगच्या नादाला लागू नका, मी लागलो होतो, गणपतीच्या आधी पट्टी मारून घेतली आणि दिवाळीपर्यंत त्या पट्टीच्या शेजारीच दुसरं भोक पडलं.

कारण सायलेंसर बाहेरून दिसतो त्यापेक्षा आतून जास्त सडलेला असतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, ते सगळं याच पाइपातून बाहेर पडतं, आणि आपण गाडी बाजारापर्यंत नेऊन परत आणतो तेव्हा सायलेंसरचा मागचा डबा नीट तापतच नाही, मग वाफेचं पाणी होऊन तळाला साचतं, त्यात धुरातलं थोडं आम्ल मिसळतं आणि पत्रा आतून खात राहतं. म्हणून इंजिनापासून सगळ्यात लांब असलेला मागचा डबा सहसा आधी जातो. वरून आपली खारी हवा आणि चार महिने पाऊस. जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन डब्याच्या तळाला आणि शिवणीला टोचून बघा, आत गेला तर तिथे वेल्डिंगला धरायला लोखंडच उरलेलं नाही.

आणि हे काम पुढे ढकलू नका हे मी आवाजासाठी म्हणत नाहीये. आमची गाडी फाटक्या सायलेंसरवर चालत होती तेव्हा आई मागे बसायची आणि दरवेळी म्हणायची डोकं जड झालंय, आम्हाला वाटायचं गाडी लागतेय तिला. सायलेंसर बदलला आणि ते बंद झालं. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही रंग नाही, आणि चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो त्यामुळे खालून गळणारा धूर डिकीच्या दरवाजाच्या जुन्या रबरातून आत खेचला जातो. तेव्हापासून मी कोणाचीही जुनी गाडी असली की हे सांगतोच.

आता काम. जागा सपाट आणि पक्की हवी, अंगणातली माती किंवा ओली लादी नको. पुढच्या चाकांना दगड लावा, जॅकने मागची बाजू उचला आणि दोन्हीकडे लोखंडी स्टँड लावा, नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली अजिबात जायचं नाही. आपल्याकडे लोक चिरे रचून त्यावर गाडी टेकवतात, मी स्वतः पाहिलंय, कृपा करून करू नका, चिरा भिंतीत चांगला पण गाडीच्या टोकदार वजनाखाली कधी फुटेल सांगता येत नाही. सिमेंटचा ब्लॉकही नको. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, आणि डोळ्यांना चष्मा लावा कारण वरून गंजाचे पापुद्रे सरळ डोळ्यात पडतात.

खरा वेळ जातो तो नट-बोल्टमध्ये. आदल्या रात्री जोडावरचा गंज तारेच्या ब्रशने काढून गंज सोडवणारा स्प्रे भरपूर मारून ठेवा, सकाळी परत मारा. पाना लावताना सहा कोनांची गोटी (सॉकेट) वापरा, बारा कोनी रिंग पान्याने गंजलेल्या नटाचे कोपरे झिजतात आणि मग तो कशानेच धरत नाही. आधी किंचित आवळायच्या दिशेने दाबायचं, कट् असा आवाज आला की मग सोडवायचं. नाहीच सुटला तर मागच्या जोडाचा बोल्ट सरळ हॅक्सॉने कापा, तसेही ते बोल्ट परत वापरायचे नाहीत, त्यांच्यावर दोन तास घालवून हात सोलून घेण्यात काही मिळत नाही. ग्राइंडर पेट्रोलच्या टाकीच्या आसपास चालवू नका, ठिणग्या उडतात. सायलेंसर ज्यांवर लटकतो त्या रबरांना साबणाचं पाणी लावलं की ती सहज निघतात.

पण पुढे इंजिनाला जिथे पाइप बसतो, तो मॅनिफोल्डचा जोड सडलेला नसेल तर हात लावू नका. तिथला स्टड (इंजिनात रुतवलेला बिनडोक्याचा बोल्ट) तुटला तर ड्रिल करून काढावा लागतो आणि ते अंगणात पडून करायचं काम नाही. पुढचा पाइप पण गेला असेल तर तेवढा भाग गॅरेजमध्ये करून घ्या, यात कमीपणा नाही. तिथे कोणी म्हणालं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून साधा पाइप टाकतो, पिकअप वाढेल, तर ठाम नाही म्हणा. त्याच्यामुळेच धूर कमी विषारी होतो, आणि तुमच्या गाडीची १५ वर्षं होऊन गेली आहेत, दर ५ वर्षांनी रजिस्ट्रेशनच्या रिन्यूअलला तपासणी आहेच, पीयूसी तर लागतेच.

नवीन डबा घेताना जुना सोबत न्या, जुन्या कार्बोरेटरवाल्या आणि नंतरच्या एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाल्या) ८०० चे पार्ट गृहीत धरून एकच समजू नका, दुकानात बाजूबाजूला ठेवून लांबी आणि वळण बघा. हातात उचलून पण बघा, स्वस्तातला पातळ पत्र्याचा डबा लगेच हलका लागतो. स्टेनलेसचा बनवून घ्या असंही कोणी सुचवेल, पण इतक्या जुन्या गाडीवर तेवढा खर्च मी करणार नाही. जोडांमधलं पॅकिंग (गॅस्केट), नट-बोल्ट आणि रबरं मात्र सगळी नवीन घ्या.

बसवताना आधी सगळं सैल लटकवा, पुढून मागे येत जोड जुळवा, पाइप बॉडीला किंवा अॅक्सलला कुठे टेकत नाही ना, निदान दोन बोटं जागा आहे ना हे बघा आणि मगच आवळा. आधीच एक जोड घट्ट केला की पुढचं सगळं वाकडं बसतं. मग गाडी बाहेर मोकळ्यावर सुरू करा, इंजिन थंड असतानाच मागच्या नळीवर जाड फडकं क्षणभर दाबा आणि जोडांजवळ फुस्स आवाज येतोय का ऐका, साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे दिसतात. पहिली काही मिनिटं डब्यावरचं तेल आणि रंग जळून धूर येईल, घाबरू नका. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे नट एकदा परत बघा.

डब्याच्या तळाला टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसलं तर ते पाणी निघायला मुद्दाम ठेवलेलं असतं, लीक समजून बुजवू नका. आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवा म्हणजे आतलं पाणी सुकतं. पाहुणे आले म्हणून किनाऱ्यावर वाळूत गाडी घातली असेल तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा.

काम होईपर्यंत मागे कोणाला बसवू नका, जावंच लागलं तर सगळ्या काचा खाली ठेवा. आणि मधल्या जोडाचा एक फोटो टाका, नट कितपत खाल्लेत ते बघून सांगतो पान्याने सुटतील की थेट कापावे लागतील.