ब्रिटिश रॉक बँड रोलिंग स्टोन्सचा ‘हॅकनी डायमंड्स’ हा अल्बम ऐकण्यासारखा आहे का? मधली 18 वर्षं ते गप्प का होते?

नक्की ऐका. पण ‘18 वर्षं गप्प’ हे पूर्ण खरं नाही. 2005 च्या ‘अ बिगर बँग’नंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम थेट ऑक्टोबर 2023 मध्ये आला, हे बरोबर. मधे 2016 ला ‘ब्लू अँड लोन्सम’ आला, पण त्यात सगळी इतरांची जुनी ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) गाणी. दौरेही चालूच होते. घोडं अडलं होतं ते स्टुडिओत: गाणी सुरू व्हायची, तडीस जायची नाहीत. शेवटी गायक मिक जॅगरने मुदत घालून घेतली, अँड्र्यू वॉट हा तरुण निर्माता आला आणि काम मार्गी लागलं.

ऑगस्ट 2021 मध्ये ड्रमर चार्ली वॉट्स गेला. त्याचं वादन इथे दोन गाण्यांत आहे, ‘मेस इट अप’ आणि ‘लिव्ह बाय द स्वोर्ड’. दुसऱ्यात तर जुना बासवादक बिल वायमनही परतलाय. मला ते ऐकताना भरून येतं. उरलेल्या बहुतेक गाण्यांत ड्रम्स स्टीव्ह जॉर्डनचे.

‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’ सात मिनिटांहून मोठं आहे, लेडी गागा आणि स्टीव्ही वंडर सोबतीला. हेडफोन लावून, मोठ्या आवाजात ऐका. मधली एकदोन गाणी साधारण वाटली, तरी शेवटचं सोडू नका: ब्लूज गायक मडी वॉटर्सचं 1950 चं गाणं, ज्यावरून बँडला नाव मिळालं. त्यात फक्त मिक आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्स. गिटार, माउथऑर्गन आणि ऐंशीला टेकलेला तो आवाज.