पहिल्याच लढाईत पार्टी गारद!

या वेळची सगळी पत्रं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’बद्दलची आहेत. या खेळात एक जण डीएम (डंजन मास्टर) म्हणून गोष्ट आणि शत्रू चालवतो, बाकीचे एकेक पात्र म्हणजे कॅरेक्टर घेऊन खेळतात, त्यांची मिळून ‘पार्टी’, आणि निकाल फाशांवर लागतात. उत्तरांतले आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे दिले आहेत, कारण पत्र लिहिणारे बहुतेक जण त्याच नियमांनी खेळतात.

प्रश्न : खेळणारे चौघं, सगळ्यांची कॅरेक्टर पहिल्या लेव्हलची. जंगलाच्या वाटेवर सहा गॉब्लिन (छोटे दुष्ट राक्षस) दबा धरून बसलेले ठेवले होते. दुसऱ्या राऊंडला विझर्ड (जादूगार) मेला, चौथ्यापर्यंत सगळेच. मित्र म्हणतात, परत नको हा खेळ. डीएम म्हणून माझं काय चुकलं? (नाशिक)

गॉब्लिन जास्त झाले. एक गॉब्लिन ५० एक्सपीचा (अनुभवाचे गुण; लढाई किती अवघड ते यावरून मोजतात), म्हणजे सहांचे ३००. पण शत्रू तीन ते सहा असले की ही बेरीज दुप्पट धरायची, म्हणजे ६००. पहिल्या लेव्हलच्या चौघांसाठी ‘डेडली’ (जीवघेण्या) लढाईची हद्द माणशी १०० प्रमाणे ४०० ला सुरू होते. त्यात दबा धरून हल्ला. बेसावध सापडलेल्याला पहिल्या राऊंडला काहीच करता येत नाही, म्हणजे गॉब्लिनांना एक फेरी फुकट मिळाली.

त्या एका फेरीत काय होतं ते बघा. गॉब्लिनचा हल्ला डी-ट्वेंटी (वीस बाजूंचा फासा) अधिक ४. विझर्डचा आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) साधारण १२, म्हणजे फाशावर ८ किंवा जास्त पडलं की बाण लागला. शंभरात ६५ वेळा. एका बाणाचं सरासरी नुकसान साडेपाच आणि विझर्डचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) असतात सात-आठ. दोन बाणांत तो आडवा. उलट तुमच्या फायटरला गॉब्लिनच्या १५ आर्मर क्लासवर जेमतेम निम्म्या वेळा वार लागणार. हिशेब असा की ज्या बाजूला राऊंडमागे जास्त हल्ले, ती बाजू जिंकते. एकेकटा गॉब्लिन कितीही किरकोळ असो, सहा जण मिळून किरकोळ नसतात.

पुढच्या वेळी दोन गॉब्लिन ठेवा (१०० गुणिले दीड, १५०, सोपी लढाई). तीन ठेवले तर ३०० होतात आणि ती ‘हार्ड’ ठरते. सहाच हवे असतील तर तिघांना तिसऱ्या राऊंडला आणा, तेही पहिले तिघे पडले असतील तरच. आणि गॉब्लिन पळू द्या! निम्मे साथीदार पडल्यावरही शेवटच्या श्वासापर्यंत लढणारा गॉब्लिन हा डीएमचा आळस आहे. पडद्याआड फासे बदलून पार्टीला वाचवण्यापेक्षा शत्रूंनी त्यांना बांधून गुहेत नेलं तर पुढच्या सेशनचं कामही होतं.

आणखी एक गोष्ट पत्रावरून जाणवली : शून्य हिट पॉइंट झाले की मेला, असं तुम्ही धरलेलं दिसतं. तसं नाही. शून्यावर माणूस बेशुद्ध पडतो. त्यानंतर आपल्या प्रत्येक पाळीला तो साधा डी-ट्वेंटी टाकतो, त्यात काही मिळवायचं नाही. १० किंवा वर आलं तर एक यश, खाली आलं तर एक अपयश. तीन यशं झाली की जीव स्थिरावला, तीन अपयशं झाली की खेळ खलास. १ पडला तर दोन अपयशं. २० पडला तर एक हिट पॉइंट घेऊन उठून बसतो. पडलेल्याला पुन्हा इजा झाली तर एक अपयश वाढतं, पाच फुटांच्या आतून वार लागला तर दोन. क्लेरिककडे (पुजाऱ्याकडे) ‘हीलिंग वर्ड’ हा जखमा भरणारा मंत्र असेल तर साठ फुटांवरून, बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या जादा झटपट कृतीत), त्याला उभं करता येतं. शून्यावर थेट मृत्यू एकाच कारणाने : शून्यानंतर उरलेलं नुकसान त्याच्या पूर्ण हिट पॉइंटांइतकं किंवा जास्त असेल तर. म्हणजे तुमचा विझर्ड बहुधा मेलाच नव्हता. मित्रांना हे सांगा आणि तिथूनच पुढे खेळा.

प्रश्न : फाशांचा संच मागवलाय, पण यायला वेळ आहे. तोवर साध्या फाशांवर भागेल का? दोन डी-टेन (दहा बाजूंचे फासे) टाकून बेरीज केली तर? (सांगली)

बेरीज नको. डी-ट्वेंटीवर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, शंभरात पाच. दोन डी-टेनच्या बेरजेत १ कधीच येत नाही, २० शंभरातून एकदा येतो आणि मधले आकडे पुन्हा पुन्हा येत राहतात. क्रिटिकल हिट (२० पडल्यावर लागणारे जबर वार) जवळजवळ बंदच होतात.

पत्त्यांचा कॅट घ्या. बदामचे एक्का ते दश्शी म्हणजे १ ते १०, इस्पिकचे एक्का ते दश्शी म्हणजे ११ ते २०. वीस पत्ते पिसून एक ओढायचा. ओढलेला पत्ता परत घालून दर वेळी पिसा. बाजूला ठेवलात तर पुढची शक्यता बदलते आणि ‘वीस अजून आत आहे’ म्हणून लोक हिशेब करत बसतात. डी-सिक्ससाठी लुडोचा फासा चालेल. नियमांसाठीही थांबू नका; मूलभूत नियम प्रकाशकाकडून मोफत मिळतात आणि पहिल्या सेशनला तेवढे पुरतात.

संच आल्यावर डी-टेनवरचा ० म्हणजे दहा, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

प्रश्न : चोरवाट शोधायला चौघांनी फासे टाकले, चौघेही नापास. पुढचा सगळा डाव त्या दाराच्या पलीकडे होता. अर्धा तास नुसते भिंती ठोकत बसलो. असं झालं की काय करायचं? (डोंबिवली)

डावाला जे सापडायलाच हवं, त्यावर फासा टाकायचाच नाही. नापास झाल्यावर काय, याचं उत्तर डीएमकडे नसेल तर फासे हातात देऊ नयेत. एवढं पाळलं तरी निम्मी अडलेली सेशन सुटतात.

आकडे बघितले तर चौघांनी टाकणंही फारसं उपयोगाचं नाही. डीसी (गाठायचा आकडा) १५ आणि बोनस (फाशात मिळवायचा आकडा) २ असेल तर एकट्याला शंभरात ४० वेळा जमतं. चौघांनी वेगवेगळं टाकलं की कुणा ना कुणाला जमण्याची शक्यता ८७ वर जाते. म्हणजे एक तर निकाल आधीच ठरल्यासारखा, नाहीतर तुमच्यासारखं नशीब आणि डाव बंद. त्यापेक्षा एकाने शोधावं, दुसऱ्याने मदत करावी : ॲडव्हान्टेज, दोन फासे, मोठा आकडा धरायचा. शक्यता ६४. आणि फासा ‘सापडलं का’ यावर नको, ‘काय किंमत मोजून सापडलं’ यावर असू दे. पास झालात तर दार बिनआवाज उघडलं. नापास झालात तरी उघडलं, पण बिजागरी करकरली आणि आतल्या पहारेकऱ्याने कंदील उचलला.

प्रश्न : आमच्यात एक मित्र सगळ्यांच्या वाटचं बोलतो. त्याला न दुखावता कसं आवरू? (इंदूर)

‘तुम्ही काय करता?’ असं सगळ्यांना मिळून विचारू नका, त्यात मोठा आवाज जिंकतो. नाव घेऊन विचारा, आणि लढाई नसतानाही टेबलाभोवती पाळीने जा. ‘रोग’चं (चोरट्या कॅरेक्टरचं) कुलूप ‘रोग’च उघडणार, सल्ला मागितला तरच द्यायचा, हा नियम खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर सांगा. एकट्याला उद्देशून नको. तरीही नाही थांबला तर चहाच्या वेळी बाजूला घेऊन सरळ बोला. त्याच्या कॅरेक्टरला गेममध्ये शिक्षा करून भागत नाही, उलट तो आणखी बोलतो.

प्रश्न : दोघे पुण्यात, एक लंडनला, एक न्यू जर्सीत. वेळ कशी जमवायची? (पुणे)

शनिवारी पुण्यात संध्याकाळी साडेसात. उन्हाळ्यात तेव्हा लंडनला दुपारचे तीन, न्यू जर्सीत सकाळचे दहा. हिवाळ्यात दोन आणि नऊ. घोळ होतो तो मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, ब्रिटनची शेवटच्या; मागे येताना ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. मधल्या आठवड्यांत दोघांपैकी एकाचीच वेळ सरकलेली असते. म्हणून वेळ कायम पुण्याची सांगा, बाकीच्यांनी आपापली काढावी. सेशन तीन तासांचं ठेवा, आणि चौघांपैकी एक नसला तरी खेळायचं की नाही हे आधीच ठरवून टाका. आमच्या मते खेळायचं.